फोनवर ‘गो’ शिकताना बोट आवरायचं कसं

गोव्यात ‘गो’ रोज कानांवर पडतो, पण तो बायकांना मारायच्या हाकेतला. मी शिकलो तो ‘गो’ काळ्या-पांढऱ्या खड्यांचा, चीनमध्ये अडीच हजार वर्षांपूर्वीपासून खेळला जाणारा पटाचा खेळ. ॲप शोधताना नुसतं ‘गो’ टाकलं तर भलतंच काहीबाही समोर येतं. ‘बादुक’ हे कोरियन नाव टाकलं की हा खेळ चटकन सापडतो. चिनी नाव वेइची, जपानी इगो. खेळ तोच.

नियम दहा मिनिटांत कळतात. खडे चौकटींत ठेवत नाहीत, रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या बिंदूंवर ठेवतात. काळ्याची खेळी पहिली. ठेवलेला खडा पुन्हा हलत नाही. खड्याला लागून असलेले मोकळे बिंदू म्हणजे त्याचे श्वास. चिनी भाषेतही यासाठी ‘ची’ म्हणजे श्वास हाच शब्द आहे. पटाच्या मधल्या खड्याला चार श्वास, कडेच्या खड्याला तीन, कोपऱ्यातल्याला दोन. आपले खडे रेघेवरून चिकटलेले असले की त्यांचे श्वास सामाईक होतात. सगळे श्वास बुजले की तो गट पटावरून उचलला जातो. एकच श्वास उरला तर त्याला अटारी म्हणतात. डावाच्या शेवटी ज्याने जास्त जागा वेढली तो जिंकला.

यानंतर मात्र फोनचा खरा अडथळा सुरू होतो. पूर्ण पट १९×१९ रेघांचा, म्हणजे ३६१ बिंदू. फोनची काच साधारण सात सेंटिमीटर रुंद धरली तर दोन रेघांमधलं अंतर पावणेचार मिलिमीटरच्या आसपास येतं. बोटाचं टोक त्याच्या दुपटीहून मोठं. त्यामुळे शेजारच्या बिंदूवर खडा पडणं ठरलेलंच. ९×९ च्या पटावर हेच अंतर पावणेआठ मिलिमीटर होतं आणि बिंदू ८१ च राहतात. म्हणून फोनवर सुरुवात ९×९ नेच करावी, आणि निदान पन्नास डाव तिथेच काढावेत असं मी ठामपणे सांगेन.

पहिला डाव लावायच्या आधी मी सेटिंगमध्ये तीन गोष्टी बदलल्या. पहिली, खेळी पक्की करायचं वेगळं बटण चालू केलं. बोट लावलं की फिकट खडा दिसतो, आणि बटण दाबल्यावरच तो खरा बसतो. दुसरी, कडेची अक्षरं आणि आकडे दाखवायचे. गंमत अशी की अक्षरांत ‘एच’नंतर ‘आय’ गाळून थेट ‘जे’ येतं, त्यामुळे सुरुवातीला शेवटची रेघ चुकीची मोजली जाते. तिसरी, फोनचं कडेवरून बोट सरकवून मागे जाणं बंद केलं. पट काचेच्या कडेला भिडलेला असतो. ‘ए’ किंवा ‘जे’ रेघेवर खडा ठेवताना बोट जरा सरकलं तर फोन त्याला ‘मागे जा’ समजतो, डाव मिटतो आणि घड्याळ मात्र चालू राहतं. पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. काचेवर पडलेला थेंबही स्पर्श ठरतो. पक्कं करायचं बटण असलं तर थेंबाने फार काही बिघडत नाही. पटाचा रंग लाकडीच ठेवावा, कारण काळ्या थीमवर काळे खडे उन्हात दिसतच नाहीत.

गो शिकवणारे एक सल्ला हमखास देतात: पहिले शंभर डाव पटापट हरून टाका. लाकडी पटावर तो बरोबर आहे. खडा वाटीतून उचलायचा, दोन बोटांत धरायचा, ठेवायचा, एवढ्या वेळात नजर पटभर फिरून येते. फोनवर तो वेळच मिळत नाही. तिथे पटापट हरलं की डोळा काही शिकत नाही, बोट तेवढं चटावतं. म्हणून मी स्वतःला एक नेम लावला. काचेला हात लावण्याआधी समोरच्याचं उत्तर आणि त्यावरचं माझं उत्तर मनात मांडायचं. तीन खेळ्या. त्या दिसल्या नाहीत तर बटण दाबायचं नाही.

या सवयीची खरी गरज पडते ती लॅडर म्हणजे शिडीवर, पळणाऱ्या खड्यांना दर खेळीला अटारीत ठेवत नेण्याच्या डावपेचात. ९×९ वर एकदा स्वतः मांडून पाहा. पांढरा खडा डी४ वर. काळे सी४, सी५ आणि डी३ वर. आता काळा ई४ वर ठेवतो: पांढरा अटारीत. पांढरा डी५ वर पळतो, त्याला डी६ आणि ई५ हे दोन श्वास मिळतात. काळ्याने डी६ घ्यायचं. ई५ घेतलं तर पांढरा डी६ वर जाऊन तीन श्वास कमावतो आणि सुटतो. डी६ नंतर पांढरा ई५, काळा एफ५, पांढरा ई६, काळा ई७, पांढरा एफ६, काळा जी६, पांढरा एफ७. अशी पायरी-पायरीने शिडी वरच्या उजव्या कोपऱ्यात जाते आणि शेवटी जे९ वर काळा खडा पडतो तेव्हा पांढऱ्याचे दहा खडे एकदम उचलले जातात. आता तेच पुन्हा मांडा, पण जी७ वर एक पांढरा खडा आधीच ठेवून. एफ७ ला पोचताच पांढरा त्याला जोडला जातो, तीन श्वास मिळतात, शिडी मोडते. मग काळ्याचे विखुरलेले खडे एकेक करून कापले जातात. शिडी सुरू करण्याआधी तिच्या वाटेवर शेवटपर्यंत नजर टाकायची ती यासाठी. फोनवर नवशिक्यांचे बरेच डाव इथेच जातात: पहिली अटारी दिसली की बोट आपोआप पुढे होतं.

बुद्धिबळातून येणाऱ्यांना हे जास्त जड जातं. २०२५ च्या अखेरीस बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला, आणि हातात फोन धरून शह देणारे आता कुठेही दिसतात. त्यांना मारायची घाई असते. गोमध्ये दोन खडे मारून दहा बिंदूंची जागा घालवणं हा तोट्याचाच सौदा.

गट कायमचा जगतो तो दोन डोळ्यांनी, म्हणजे आत दोन वेगवेगळे मोकळे बिंदू राखून. समोरच्याला दोन्ही एकाच वेळी बुजवता येत नाहीत. कोपऱ्यात असा गट सहा खड्यांत होतो, कडेला आठ लागतात, मध्ये त्याहून जास्त. आधी कोपरा, मग कड, शेवटी मध्य, हा क्रम इथून येतो. आतली जागा ओळीत तीन बिंदूंची असेल तर ज्याची खेळी त्याचं राज्य: मधल्या बिंदूवर आपण बसलो तर जगलो, समोरचा बसला तर मेलो. ओळीत चार असतील तर गट जिवंतच आहे, तिथे खेळी फुकट घालवू नये. चार बिंदू चौकोनात असतील तर तो मेलेला, एका खेळीने वाचत नाही. एवढे तीन आकार डोळ्यांत बसले की ९×९ वरचे बरेच जीव-मरणाचे प्रश्न सुटतात. असे सराव-प्रश्न फोनवर भरपूर मिळतात. रायबंदरहून चोडणला फेरीबोटीत जाताना चार-पाच आरामात होतात. चुकलो तर उत्तर लगेच उघडायचं नाही, परतीच्या फेरीत पुन्हा तोच प्रश्न घ्यायचा.

डाव संपवणं हा वेगळाच विषय आहे आणि शिकवणाऱ्या धड्यांत तो घाईने उरकतात. दोघांनीही ‘पास’ म्हटलं की डाव थांबतो. नवशिके हद्द बंद होण्याआधीच पास करतात. चोडणची खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. बांध कितीही लांब असो, एक हात भगदाड राहिलं की खारं पाणी आत. पटावरही एका बिंदूची फट राहिली तर ती जागा मोजलीच जात नाही. पास करण्याआधी आपल्या प्रत्येक बांधावरून नजरेने चालत जायचं. त्यानंतर मेलेले खडे खुणावायचा पडदा येतो. ॲपचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर असतो, पण बघितल्याशिवाय ‘मान्य’ दाबलं तर आपला जिवंत गट मेला म्हणूनही मोजला जाऊ शकतो. पांढऱ्याला उशिरा खेळण्याची भरपाई मिळते, तिला कोमी म्हणतात. जपानी पद्धतीत साडेसहा गुण, चिनीत साडेसात. अर्ध्या गुणामुळे बरोबरी होत नाही. आपण जिंकलो असं वाटत असताना हरलो दिसलं तर आधी कोमी तपासा.

माणसांशी खेळायला मी टपालवजा डाव निवडले, एका खेळीला एक दिवसाची मुदत असलेले. वीज गेली, नेट गेलं, तरी डाव हरत नाही. एका वेळी तीनहून जास्त लावू नयेत, नाहीतर कुठल्या पटावर काय ठरवलं होतं तेच आठवत नाही आणि पुन्हा बोटाचाच कारभार सुरू होतो. खेळाडूचा दर्जा सुधारतो तसा आकडा ३० क्यूपासून खाली १ क्यूपर्यंत उतरतो, मग १ दानपासून वर चढतो. मोठ्या पटावर एका दर्जाचा फरक साधारण एका आगाऊ खड्याएवढा.

डाव झाल्यावर तपासायला यंत्र आहेच. मार्च २०१६ मध्ये अल्फागो या संगणकीय प्रोग्रॅमने ली सेदोल या कोरियाच्या नामांकित गो-खेळाडूला ४-१ हरवलं. आज काटागोसारखं त्याच वंशातलं यंत्र फुकट मिळतं. पण ते शिकाऊ माणसाला एकेका खेळीला पाच-सहा पर्याय दाखवतं, आणि ते सगळे बघत बसलं तर हाती काही लागत नाही. जिंकण्याच्या शक्यतेच्या आलेखात सर्वांत मोठी घसरण जिथे असेल ती एकच खेळी मी उघडतो, आणि तिथे मला काय दिसायला हवं होतं तेवढंच शोधतो.

पन्नासेक डावांनंतर फोन बाजूला ठेवून हाताने खेळणं आवश्यक वाटू लागलं, कारण फोनवर श्वास आपण मोजतच नाही, मेलेले खडे तोच उचलतो. पुठ्ठ्यावर अडीच सेंटिमीटरच्या अंतराने नऊ आडव्या, नऊ उभ्या रेघा मारल्या की वीस सेंटिमीटरचा पट होतो. काळ्यासाठी ४१ चिंचोके, पांढऱ्यासाठी ४० लहान शिंपल्या. जपानमध्येही उत्तम पांढरे खडे शिंपल्यांचेच कोरतात, काळे पाटीच्या दगडाचे. खुब्यांच्या शिंपल्या उकळून, घासून, दोन दिवस उन्हात वाळवाव्या लागतात, नाहीतर वास राहतो. आणि त्या पालथ्याच ठेवायच्या. उताण्या ठेवल्या तर डुलतात आणि कुठल्या बिंदूवर आहेत ते कळत नाही.