गाडीखालचा पुठ्ठा

गाडीखाली आडवं व्हायला चटई लागत नाही. एखाद्या मोठ्या खोक्याचा पुठ्ठा पुरतो. चटईवर तेलाचे डाग पडले तर घरात बोलणी खावी लागतात. पुठ्ठा डाग पिऊन टाकतो आणि मुकाट राहतो. इंजिन ऑइल घरीच बदलायचं की गाडी गॅरेजला सोडायची, हा विचार सर्व्हिस जवळ आली की डोकं वर काढतो, आणि त्याबरोबर मला आधी तो पुठ्ठाच आठवतो. कागदावर हिशेब घरच्या बाजूला कितीही झुकलेला असो, जमिनीवर पडायची तयारी आहे का, हे आधी पाठीला विचारावं लागतं.

तो हिशेब तसा सोपाच. छोट्या-मध्यम गाडीच्या इंजिनात साधारण तीन ते पाच लिटर तेल मावतं. तेल, फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा, म्हणजे जुनं तेल खालून सोडायच्या बोल्टचा वॉशर, एवढंच सामान. गॅरेजच्या बिलातही हेच तीन असतात आणि खाली मजुरी. मजुरीचा आकडा दिसला की आपल्यातला काटकसरी माणूस जागा होतो, पण अर्धवटच. जॅक, स्टँड, पाने, फिल्टर सोडवायचा पट्टा, तेल धरायला पसरट टब, नरसाळं, हातमोजे हे सगळं तो ‘एकदाच तर घ्यायचंय’ म्हणून हिशेबाबाहेर ठेवतो. एकदाच घ्यायच्या वस्तू घराच्या कोपऱ्यात कायमच्या राहायला येतात, हे त्याला सावकाश कळतं. पूर्वी दर ५,००० किलोमीटरला तेल बदलायचे, तेव्हा त्या अवजारांना निदान काम तरी होतं. आताच्या बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. म्हणजे सगळा सरंजाम वर्षातल्या एका सकाळीपुरता. पैसे वाचवायचे म्हणून हे काम करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण त्यांनी दुसरं काहीतरी कारण हाताशी ठेवावं.

माझ्या लेखी ते कारण आहे खात्री. आत काय गेलं, हे माहीत असण्याची. तेल ही अशी वस्तू आहे की एकदा ओतली की तिचा पुरावा संपला. डबा कुठला होता, ग्रेड कोणती होती, फिल्टर खरंच बदलला की जुनाच पुसून चकचकीत केला, हे बिलावरून कळत नाही. तेलाच्या दाटपणाची प्रतवारी ‘एसएई’ या अमेरिकी इंजिनिअरांच्या संस्थेनं १९११ मध्ये बांधून दिली. आज डब्यावर दिसणारं ५डब्ल्यू-३० वगैरे त्याच प्रतवारीतून आलेलं आहे. पण नुसता दाटपणा जुळून भागत नाही. त्याच आकड्याचं तेल वेगवेगळ्या मानकांचं असतं आणि मॅन्युअलमध्ये ते मानक बारीक अक्षरात दडलेलं असतं. काही नव्या इंजिनांत टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या भागांची हालचाल एका तालात ठेवणारा पट्टा, तेलातच भिजत फिरतो. तिथं भलतंच तेल पडलं तर बेल्टचं रबर फुगतं, झिजतं, आणि त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. हा नुकसानीचा प्रकार लगेच दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. ड्रममधून पाइप लावून ‘सगळ्या गाड्यांना चालतं साहेब’ म्हणत तेल सोडणारा माणूस दिसला की मला घरचा पुठ्ठा एकदम मऊ वाटायला लागतो.

आणि तो काळा थेंब! डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी काढायची, फडक्यावर पुसायची, डाग गिऱ्हाइकासमोर धरायचा आणि मान हलवायची. बोलायचीही गरज नसते. वास्तविक तेलात अशी द्रव्यं मुद्दाम घातलेली असतात की जी काजळी आणि घाण तळाशी बसू न देता तेलातच तरंगत ठेवतात. तेल काळं पडतं ते त्यामुळेच. डिझेल गाडीचं तेल तर बदलल्यावर थोड्याच दिवसांत काजळासारखं होतं आणि पुढे हजारो किलोमीटर आपलं काम नीट करतं. तेलाचं खरं संपणं डोळ्यांना दिसत नाही. झीज थांबवणारी द्रव्यं खर्ची पडतात, उष्णतेनं तेल ऑक्सिडाइज होतं, जळण्यातून आम्लं तयार होतात. गाडी कोपऱ्यावर जाऊन येण्याइतकीच वापरली तर इंजिन पुरतं तापतच नाही, आणि पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल तेलात मुरत राहतं. म्हणून ‘गाडी फारशी चालतच नाही’ हे तेल न बदलण्याचं कारण होऊ शकत नाही, उलट लवकर बदलायचं होऊ शकतं. वापरलेल्या तेलाचा नमुना तपासून त्यात लोखंड किती, तांबं किती, पेट्रोल किती हे सांगणाऱ्या प्रयोगशाळाही असतात. हौस त्या थराला गेलेली माणसं आहेत. मी अजून नाही.

तेलाचा विषय निघालाच आहे तर एरंडेलाचं सांगायलाच हवं. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांच्या रोटरी इंजिनांना वंगण म्हणून एरंडेल घालत. ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नसे, हा त्याचा मोठा गुण. पण इंजिन ते वापरून झालं की बाहेर फेकून देई, आणि मागे बसलेल्या वैमानिकाच्या नाकातोंडात त्याचा फवारा जाई. पुढचं काय ते एरंडेल घेतलेल्या कुणालाही सांगायला नको. शत्रूच्या गोळीइतकीच पोटाची भीती. असो, हे एरंडाचं गुऱ्हाळ पुरे.

प्रत्यक्ष काम मात्र मला आवडतं, हे आधी कबूल करतो. गाडी थोडी फिरवून आणायची, म्हणजे तेल कोमट आणि पातळ होतं. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना अडण्या. जॅकवर उचललेली गाडी दोन पक्क्या स्टँडवर टेकवायची आणि मग तिला हातानं ढकलून बघायचं. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याला पाय धरून बाहेर ओढतो. हल्लीच्या गाड्यांना खालून प्लास्टिकचं आवरण असतं. त्याच्या क्लिपा काढताना निम्म्या तुटतात आणि उरलेल्या हरवतात. हे सगळं पार पडलं की चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याचा, ड्रेन बोल्ट समोर येतो.

बोल्ट पान्यानं ढिला करून शेवटचे आटे बोटांनी सोडवायचे आणि सुटता सुटता तो आत दाबून धरून चटकन बाजूला घ्यायचा. तेल सरळ खाली पडत नाही, कमान करून पुढे जातं. म्हणून टब बोल्टच्या खाली न ठेवता जरा पुढे ठेवायचा. धार बारीक होत जाते तशी कमान मागे येते, आणि टबही तिच्यामागे सरकवावा लागतो. मग नुसते थेंब. या थेंबांच्या वेळी घाई करू नये, एवढा एक फायदा घरच्या कामात नक्की आहे. गॅरेजमध्ये मागे दुसरी गाडी उभी असते, त्यामुळे तिथल्या थेंबांना इतका वेळ मिळत नाही.

फिल्टर काढताना त्याच्याबरोबर जुनी रबराची रिंग आली का, हे बघायचं. ती इंजिनालाच चिकटून राहिली आणि नव्या फिल्टरची रिंग तिच्यावर बसली, तर इंजिन सुरू झाल्यावर दाबाखालचं तेल त्या फटीतून बाहेर उडतं. नव्या रिंगला बोटानं ताजं तेल लावायचं आणि फिल्टर हातानंच फिरवायचा. रिंग टेकल्यावर आणखी पाऊण फेरा, किंवा फिल्टरवर छापलं असेल तेवढा. पाना लावून आवळायचा मोह टाळायचा. ड्रेन बोल्टचंही तेच. चेंबर ॲल्युमिनियमचं असलं तर जोर जास्त झाला की आटे जातात, आणि मग एका बोल्टसाठी अख्खं चेंबर बदलायची पाळी येते. गाडीच्या कामात ‘अजून थोडं’ ही फार महागाची चीज आहे. वॉशर नवा घालावा. तो मुळातच एकदा चेपला जाण्यासाठी केलेला असतो.

आता दुसरी बाजू. गॅरेजवाला मजुरी घेतो ती बोल्ट फिरवण्याची नव्हे, असं मला हळूहळू पटत चाललं आहे. गाडी लिफ्टवर चढली की तो तिच्याखाली उभा राहतो. मी पडलेला असतो. उभ्या माणसाला चारही चाकं दिसतात. ॲक्सलचं रबर फाटलंय, ब्रेकचं पॅड पातळ झालंय, सायलेन्सरचा हँगर लोंबतोय, हे तो पाना हातात घ्यायच्या आधीच पाहून घेतो. शेकडो गाड्यांची पोटं बघितलेली नजर असते ती. पुठ्ठ्यावरून मला दिसतो तो एक बोल्ट, एक फिल्टर आणि डोळ्यावर पडू पाहणारी माती. अर्थात ती नजर हजर असली तरच मजुरी वसूल. बऱ्याच ठिकाणी तेल बदलायचं काम नव्या पोराकडे जातं, आणि जाणता मेकॅनिक पलीकडे कुणाच्या तरी गिअरबॉक्समध्ये डोकं घालून बसलेला असतो. पैसे नजरेचे द्यायचे आणि मिळवायचं शिकाऊ हाताचं काम, हा सौदा वाईट.

वॉरंटीतली गाडी मात्र निमूट कंपनीच्या सेंटरला न्यावी, असं माझं सरळ मत आहे. पुढे काही वाद झालाच तर सेंटरचा शिक्का आपल्या वहीतल्या नोंदीपेक्षा कमी शब्दांत बोलतो.

पण हे सगळं मोजून झालं तरी काटा माझ्यापुरता वेगळ्याच ठिकाणी अडतो. नव्या तेलाबद्दल लोक तासन् तास बोलतात. जुन्याचं काय करायचं, यावर एकदम शांतता. टबात जमलेलं ते चार लिटर काळं प्रकरण जाणार कुठे? त्यात धातूचे कण असतात, जळण्यातून आलेली, कातडीला सतत लागत राहिली तर कर्करोगाला निमंत्रण देणारी संयुगं असतात. हातमोजे नखं स्वच्छ राहावीत म्हणून नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा एक आकडा प्रसिद्ध आहे: एका गाडीचं एका वेळचं जुनं तेल १० लाख गॅलन, म्हणजे जवळजवळ ३८ लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं. गटारात ओतणारा हा आकडा ऐकत नाही आणि ऐकणारा बहुधा ओततच नसतो. वाळवीसाठी लाकडाला लावू, कुंपणाच्या खांबांना लावू, असं म्हणून डबे भरून ठेवणारेही असतात. पण चार लिटर तेल संपवायला खांब किती लागतील? १९६३ सालच्या एका अमेरिकी विज्ञान मासिकानं तर वाचकांना साळसूदपणे सुचवलं होतं की अंगणात खड्डा खणा, त्यात बारीक खडी भरा, जुनं तेल त्यात ओता, पुढच्या खेपेपर्यंत ते जमिनीत जिरून जाईल. जिरेलच की.

गंमत अशी की तेल झिजून संपत नाही. ते मळतं, त्यातली द्रव्यं खर्च होतात, पण मूळ तेल शिल्लक असतं. ते शुद्ध करून त्याचं पुन्हा इंजिन ऑइल होतं. त्याच पर्यावरण संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे १ गॅलन जुन्या तेलातून जेवढं वंगण मिळतं, तेवढं मिळवायला ४२ गॅलन कच्चं तेल लागतं. इतकी मौल्यवान वस्तू आपण ‘घाण’ म्हणून कोपऱ्यात ढकलतो. पण तिचं सोनं व्हायचं तर ती गोळा करणाऱ्यापर्यंत पोचली पाहिजे, तीही निर्मळ. त्यात कूलंट किंवा पेट्रोल मिसळलं की घेणारा हात मागे घेतो. फिल्टरच्या पोटातही बरंच तेल उरतं, तो रात्रभर उपडा ठेवून निथळवावा लागतो.

म्हणून मी आता हिशेब उलट्या टोकानं सुरू करतो. जुनं तेल कोण घेणार, हे ठरल्याशिवाय नवा डबा विकत घ्यायचा नाही. आणि इथंच सगळी गोम आहे. ते तेल घेणारा माणूस बहुतेक वेळा गॅरेजवालाच निघतो. म्हणजे सकाळभर पुठ्ठ्यावर लोळायचं, आणि मग काळ्या तेलाचा कॅन त्याच गाडीच्या डिकीत घालून, वळणावर तो कलंडू नये म्हणून देवाचं नाव घेत, ज्याची मजुरी वाचवली त्याच्याच दारात जाऊन उभं राहायचं. वर तोंड गोड करून विचारायचं, ‘एवढं घेता का?’ तो घेतो. घेताना माझ्या नखांकडे बघतो.

ओळखीतल्या एकानं विजेवर चालणारी गाडी घेतली आहे. तिला इंजिन ऑइल नाही, फिल्टर नाही, ड्रेन बोल्ट नाही. माझं हे सगळं पुराण त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण मग तू सुट्टीच्या दिवशी करतोस काय?’ प्रश्न त्यानं उलटा विचारला, असं मला वाटलं. त्याच्या सुट्टीच्या सकाळी मला जरा रिकाम्याच वाटतात.

या खेपेला मात्र मी मधला मार्ग काढला आहे. तेल आणि फिल्टर मॅन्युअल बघून मीच आणले आहेत, वॉशर खिशात आहे. गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढेल, जुनं तेल त्यांच्या ड्रममध्ये जाईल, मी खाली उभा राहून सगळं बघेन, आणि बोल्ट सुटल्यावर थेंब संपेपर्यंत थांबायला सांगेन. गॅरेजवाल्याची कमाई मजुरीपेक्षा तेलाच्या डब्यावर जास्त असते, हे मला ठाऊक आहे. डबा माझा असणार, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.