तुम्ही विचारलंत म्हणून: मूल खोटं बोलायला लागलंय, काय करू?

बालवाडीत शिकवते, त्यामुळे दरवर्षी दोन-चार पालक तरी हे विचारतातच, तेही जरा बाजूला घेऊन, हळू आवाजात. "ताई, आमची आत्ता कुठे साडेतीन वर्षांची झालीये आणि सरळ तोंडावर खोटं बोलते, आमचं काही चुकतंय का?" गेटपाशी उभं राहून हे धड सांगून होत नाही, म्हणून एकदा लिहितेच.

काही चुकत नाहीये. मला तर हे ऐकून बरं वाटतं, मनापासून सांगते.

खोटं बोलायचं तर आधी हे कळायला हवं की माझ्या डोक्यात जे आहे ते समोरच्याच्या डोक्यात नाही. आपल्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की कधीतरी आपणही हे शिकलो होतो हेच विसरायला होतं. मुलं ते टप्प्याटप्प्याने शिकतात. नाकाला नकळत रंग लावून बाळाला आरशासमोर धरलं तर वर्षाचं बाळ आरशातल्या बाळाकडे बघून खेळत बसतं, आणि साधारण दीड ते दोन वर्षांचं झालं की हात स्वतःच्या नाकाकडे जातो (१९७२ मध्ये बेउला ॲमस्टरडॅम यांनी हे करून बघितलं होतं). मग "माझं, माझं" सुरू होतं, त्यालाही स्वार्थीपणा समजू नका हो, मी कुठे संपते आणि दुसरा कुठे सुरू होतो ते चाचपणं चाललेलं असतं.

पण मला सगळ्यात भावलेला प्रयोग गोळ्यांच्या डब्याचा. चॉकलेटच्या गोळ्यांचा डबा दाखवून आत काय आहे विचारलं की मूल म्हणतं गोळ्या. उघडला तर पेन्सिली. डबा बंद करायचा आणि विचारायचं, बाहेरच्या तुझ्या मित्राने नुसता डबा बघितला तर त्याला काय वाटेल? तीन वर्षांची बरीच मुलं म्हणतात, पेन्सिली. १९८८ मध्ये ॲलिसन गॉपनिक आणि जॅनेट ॲस्टिंग्टन यांनी आणखी एक विचारलं, उघडायच्या आधी तुला स्वतःला काय वाटलं होतं? त्यालाही उत्तर पेन्सिलीच! आत्ताच तर गोळ्या म्हणालं होतं, आणि हे खोटं नव्हे बरं का, त्याला खरंच तसं वाटतं. म्हणजे दुसऱ्याला वेगळं वाटू शकतं हे, आणि मलाही मघाशी वेगळं वाटत होतं हे, दोन्ही जवळपास बरोबरच उमगतं, चौथ्या वर्षाच्या आसपास.

आमच्याकडे एका मुलीने निळा रंग सांडला. मी खोलीत नव्हते. आले तर म्हणाली, "मी नाही केलं." हात पुढेच, दोन्ही तळवे मनगटापर्यंत निळे. ताईंनी बघितलं नाही इथपर्यंत तिची मजल गेली होती, पण हात बघून ताईंना कळेल इथवर अजून पोचली नव्हती. मी म्हटलं चल पुसूया, आणि दोघींनी मिळून पुसलं.

तर करायचं काय? माहीत असताना "कोणी केलं?" असं विचारू नका, आपणच त्यांना खोटं बोलायला लावतो. आणि "वाटणं" यावर भरपूर बोला, तुला काय वाटलं, दादाला काय वाटलं असेल, मला आधी असं वाटलं पण ते तसं नव्हतं. हे मी उगाच सांगत नाहीये. ऐकू न येणारी जी मुलं खाणाखुणांची भाषा लहानपणापासून घरात बघत वाढतात त्यांना हे सगळं इतर मुलांसारखं वेळेवर कळतं, आणि ज्यांच्या घरात ती भाषा कोणालाच येत नाही ती मुलं बुद्धीने कुठेही कमी नसूनही बरीच मागे राहतात, कारण मनातलं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

ती निळ्या हातांची मुलगी. त्यानंतर सहा-सात महिन्यांनी एक मुलगा सुट्टीवरून आला आणि खेळण्यांचं कपाट होतं त्या कोपऱ्यात जाऊन रडवेला उभा राहिला, आम्ही कपाट हलवलेलं. माझ्या आधी ती उठली, त्याचा हात धरला आणि म्हणाली, "तू नव्हतास ना, म्हणून तुला वाटलं इथेच आहे. ये, दाखवते."