गाडी येत नाही, कॅमेरा येतो: लंडनचं ऑल्डविच स्टेशन

नाशिकहून लंडनला जाणारे आपण बहुतेक जण मुलांकडे नाहीतर भाच्या-पुतण्यांकडे जातो, आणि परत येताना सगळ्यांच्या फोनमध्ये तोच पूल आणि तेच घड्याळ असतं. या खेपेला भाच्याला मी तिकीट काढायच्या आधीच सांगितलं, मला ऑल्डविच बघायचंय, तिथल्या भुयारी रेल्वेचं बंद पडलेलं, आता शूटिंगला वापरतात ते स्टेशन.

त्यामागे नाशिकच आहे. माझं घर पांडवलेणीजवळ, फाळके स्मारक रोजच्या वाटेवर. आपल्या त्र्यंबकला जन्मलेले दादासाहेब १९१२ साली कॅमेरा घ्यायला लंडनला गेले, पुढच्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला, मग त्यांनी नाशिकला बिऱ्हाड हलवून चित्रपट काढले. पण पाहुण्यांनी विचारलं की शूटिंग नेमकं कुठे व्हायचं, तर मला एकही जागा नीट दाखवता येत नाही. ही खंत जुनी आहे. म्हणून शूटिंगची जागा जपतात कशी, ते मला बघायचं होतं.

ऑल्डविच १९०७ साली ‘स्ट्रँड’ नावाने सुरू झालं. हॉलबर्न स्टेशनपासून निघणारा एका स्टेशनाचा फाटा, त्यामुळे गर्दी कधी झालीच नाही. मूळच्या लिफ्ट बदलायचा खर्च उतारूंच्या मानाने फार होता, म्हणून ३० सप्टेंबर १९९४ ला स्टेशन बंद केलं. त्या लाकडी लिफ्ट अजून वर उभ्या आहेत. दारापाशी उभं राहिलं की आत पाऊल टाकावंसं वाटतं, पण खाली जायचं ते गोल जिन्याने. पायऱ्या मोजायला घेतल्या होत्या, शंभरानंतर नाद सोडला. पांडवलेणी न थांबता चढता येत असेल तरच जा. उतरताना काही वाटत नाही, खरा कस लागतो तो वर येताना.

खाली फलाटावर गेल्यावर मात्र पायांचं दुखणं विसरले. भिंतीवर जुन्या जाहिराती, कडा सुटलेल्या, गोंदाचे डाग पडलेल्या. मी एकीपाशी चष्मा सावरून बराच वेळ थांबले. यातल्या काही खरोखर त्या काळच्या, काही शूटिंगसाठी चिकटवलेल्या आणि तशाच राहिलेल्या. मला फरक ओळखता आला नाही. टाइल्सचंही तसंच, दुसऱ्या स्टेशनांच्या टाइल्सचे नमुने इथे लावून बघत असत.

कॅमेऱ्याला ही जागा का आवडते, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. रूळ जोडलेले आहेत, जुनी गाडी ठेवलेली आहे, आणि उतारूंना अडवावं लागत नाही. ‘व्ही फॉर वेंडेटा’ इथे चित्रित झाला, प्रॉडिजी या ब्रिटिश बँडच्या ‘फायरस्टार्टर’ गाण्याचा व्हिडिओ इथल्या बोगद्यात. ‘अटोनमेंट’मध्ये १९४० च्या बॉम्बहल्ल्यातलं बॅलम स्टेशन दिसतं, तेही हेच. त्याच दुसऱ्या महायुद्धात लोक रात्री इथे आसऱ्याला झोपत आणि ब्रिटिश म्युझियमच्या मौल्यवान वस्तू बोगद्यात ठेवल्या होत्या. ते ऐकल्यावर मी त्या फलाटावर काही वेळ बोललेच नाही.

आता जाणाऱ्यांसाठी. आपलं आपण आत जाता येत नाही. लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमच्या ‘हिडन लंडन’ सहली असतात, त्यांच्या संकेतस्थळावर तारखा सुटतात आणि झटपट संपतात. व्हिसा हातात आला की आधी त्या बघा, विमान नंतर. तिकीट स्वस्त नाही, पण मला एक पैसाही वाया गेलासा वाटला नाही. बूट सपाट आणि बंद हवेत. “मावशी, कोल्हापुरी नको हं,” असं भाच्याने आदल्या रात्रीच बजावलं म्हणून बरं. लहान मुलांना नेत नाहीत, वयाची अट तिकिटाआधी वाचा. खाली स्वच्छतागृह नाही, तेव्हा चहा नंतर प्या. हॉलबर्नला उतरून चालत यायला फार वेळ लागत नाही.

तारीख नाहीच मिळाली, तर चेरिंग क्रॉस स्टेशनची सहल बघा. तिथले ज्युबिली लाइनचे फलाट १९९९ पासून बंद आहेत. ‘स्कायफॉल’मध्ये बाँड टेंपल स्टेशनवर धावतो ते दृश्य तिथलं.

खरं टेंपल ऑल्डविचपासून पाच-सात मिनिटांवर आहे. आम्ही परतीची गाडी तिथूनच घेतली. जमिनीलगतचं, थोड्याच पायऱ्यांचं छोटं स्टेशन. भाचा मात्र चित्रपटातला तो लांबलचक सरकता जिना शोधत होता.