ग्लोव्ह्जशी काडीमोड

मी ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. ग्लोव्ह्ज हा आमचा गणवेशच. त्यामुळे मनगटापर्यंत लाल चट्टे आणि खाज सुरू झाली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. "दिवसभर स्क्रब करतेस, साबण बाधत असेल," म्हणत मैत्रिणींनी आपापली क्रीम सुचवली. पुढे पुढे मात्र ग्लोव्ह्ज घालायच्या आधीच, नुसतं थिएटरच्या दारातून आत गेलं की शिंकांची माळ लागायची, डोळ्यांतून पाणी यायचं. सुट्टीच्या दिवशी सगळं गायब. घरात चेष्टा व्हायची, हिला कामाचीच अ‍ॅलर्जी आहे!

दणका बसला तो भाचीच्या वाढदिवसाला. फुगे फुगवायला बसले आणि बघता बघता ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, छातीत घरघर सुरू झाली. नणंदेने रिक्षात घालून जवळचा दवाखाना गाठला. तिथे अ‍ॅलर्जीचा झटका थोपवणारं अ‍ॅड्रेनलिन दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं.

नंतर डॉक्टरांनी दोन प्रकार वेगळे करून सांगितले. ग्लोव्ह्ज बनवताना घातलेल्या रसायनांनी एक-दोन दिवसांनी त्वचा खवळते. ते त्रासदायक, पण जिवावर बेतणारं नाही. रबराच्या झाडाच्या चिकातल्या, म्हणजे लेटेक्समधल्या, प्रथिनांची अ‍ॅलर्जी मात्र काही मिनिटांत चढते आणि श्वास कोंडू शकते. पहिलीसाठी त्वचेवर पट्ट्या चिकटवून करायची पॅच टेस्ट, दुसरीसाठी रक्तातल्या आयजीई या अ‍ॅलर्जीच्या प्रतिपिंडांची तपासणी आणि त्वचेला हलकंसं टोचून करायची प्रिक टेस्ट. माझी दुसरी निघाली. शिंकांचंही कोडं सुटलं. ग्लोव्ह्जमधली पावडर म्हणजे मक्याचा स्टार्च. ही प्रथिनं त्याला चिकटतात आणि कुणी चटकन ग्लोव्ह ओढून काढला की हवेत उडतात. म्हणजे मी एकटीने हात न लावून भागणार नव्हतं. अमेरिकेत असे पावडरचे ग्लोव्ह्ज जानेवारी २०१७ पासून बंद आहेत. आमच्या स्टोअरमध्ये खोक्यांची थप्पी लागलेली.

मेट्रनबाईंना लगेच पटलं, स्टोअरवाल्यांना नाही. "तुम्हाला देतो की नायट्राइल (कृत्रिम रबराचे), बाकीच्यांना कशाला?" पावडरचं पुराण पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मला नायट्राइल आणि माझ्या थिएटरमध्ये सगळ्यांना बिनपावडरचे, यावर तडजोड झाली. शिंका थांबल्या.

मग पित्ताशयात खडे निघाले आणि टेबलावर झोपायची पाळी माझ्यावर आली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधी बसवून यादी केली. सकाळची पहिली केस, कारण रात्रभरात हवेतली पावडर खाली बसलेली असते. कॅथेटर (लघवीची नळी) लागलाच तर पूर्ण सिलिकॉनचा. एरवी वापरतो तो पिवळसर फॉली म्हणजे लेटेक्सवर सिलिकॉनचा मुलामा. दंडाला रबरी नळी बांधायची नाही. आधीच अँटिहिस्टामिन आणि स्टिरॉइड ही अ‍ॅलर्जी दाबणारी औषधं देऊन ठेवलं तर चालेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, त्यावर विसंबायचं नाही, लेटेक्स जवळ येऊच द्यायचं नाही. थिएटरमध्ये सगळं चोख झालं. गडबड व्हायची ती वॉर्डात. पलंगाला लाल अक्षरातली पाटी असूनही रात्रपाळीची पोरगी रक्त घ्यायला आली ती खिशातून दुधी रंगाचे ग्लोव्ह्ज काढतच. "बाई गं, ते लेटेक्सचे आहेत," म्हटल्यावर तशीच मागे फिरली, हात धुऊन दुसरे घालून आली. मी जागी होते म्हणून.

घरातलं त्या मानाने सोपं. भांड्यांचे रबरी हातमोजे, गरम पाण्याची पिशवी, कोथिंबिरीच्या जुडीचे रबरबँड, सगळं हद्दपार. पातळ, ताणलं जाणारं रबर सगळ्यात वाईट: फुगे, ग्लोव्ह्ज, आणि हो, निरोधसुद्धा, लेटेक्स नसलेले वेगळे मागून घ्यावे लागतात. टायरसारख्या कडक रबराचा त्रास बराच कमी. रंगाच्या डब्यावर 'लेटेक्स' वाचून सासूबाई हबकल्या होत्या, पण ते कृत्रिम असतं, त्यात झाडाचा चीक नसतो.

केळ्याचं मात्र जड गेलं. लेटेक्सवाल्यांपैकी बऱ्याच जणांना केळं, किवी, अ‍ॅवोकॅडो, पपई यांतलं काही ना काही बाधतं, कारण प्रथिनं मिळतीजुळती असतात. मला केळ्याने घसा खाजतो. आता सत्यनारायणाच्या शिऱ्यात केळं हमखास, आणि प्रसादाला नाही म्हणणारी सून चारचौघींत कशी दिसते ते सांगायला नको. सासूबाईच आता माझ्यासाठी वाटीभर शिरा केळं घालायच्या आधी काढून ठेवतात. पपई मला अजून तरी चालते.

पर्समध्ये अ‍ॅड्रेनलिनची अँप्यूल, सिरिंज आणि डॉक्टरांची चिठ्ठी असते. पेनसारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही. अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि लगेच दवाखाना: एवढं नवऱ्याकडून पाठ करून घेतलंय. संत्र्यावर टोचून सरावही केलाय त्याने.

सध्या दाढ काढायची ठरतेय. डेंटिस्टना फोन केला तर म्हणाले, "काळजी नको, आमचे ग्लोव्ह्ज निळे आहेत." लेटेक्सचेही निळे मिळतात. खोक्यावर काय छापलंय ते वाचून सांगा म्हटलं, आणि दिवसातली पहिली वेळ मागून घेतली.