31 इंची टँक आणि दोन फुटी लाईट

आमचा फिशटँक 31 इंच लांब, 14 रुंद आणि 17 उंच आहे. ही साईज कुठल्याच दुकानात मिळत नाही कारण ती आमच्या शोकेसची साईज आहे. सुताराने टीव्हीसाठी खालचा मोठा खण सोडला होता, नंतर टीव्ही गेला भिंतीवर, मग बाबांनी मोकळ्या खणाचं माप घेतलं आणि काचवाल्याकडून 8 एमएमचा टँक जोडून आणला. बसला एकदम फिट्ट, बाबा खूष. वरचं झाकणही प्लायचं करून घेतलं, आत दोन होल्डर, त्यात दोन सीएफएल. दहा बारा वर्षं ते चाललं आणि गेल्या वर्षी गणपतीच्या ऐन तोंडावर एक सीएफएल गेला, आठवड्यात दुसरा. आणि आता सीएफएल विकतंय कोण.

पहिला उपाय अर्थातच फुकटातला, घरातले 9 वॅटचे एलईडी बल्ब त्याच होल्डरला लावले. उजेड पडला पण बल्ब आडवा, म्हणजे अर्धा उजेड वर प्लायला आणि अर्धा पाण्याला. शिवाय बंद खोका, खालून वाफ, गरम हवा जायला जागा नाही. तीन महिन्यात एक बल्ब फडफडायला लागला. बल्बची चूक नाही, बल्बच्या आतलं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, बिचारा शिजत होता आत.

मग गेलो माशांच्या दुकानात. आपल्याकडे टँक फुटात विकतात, दोन फुटी, अडीच फुटी, तीन फुटी, आणि लाईटही त्याच हिशोबात. 31 म्हणजे अडीचला एक इंच जास्त आणि तीनला पाच कमी. त्याने पाय सरकवता येणारी एलईडी लाईट दाखवली, 75 ते 90 सेंटीमीटरपर्यंत ताणता येते, आपला टँक 79 सेंटीमीटर, म्हटलं चला झालं काम. किंमत साडेतीन हजार. तरी घेणार होतो पण पायाची खाच 6 एमएम काचेची निघाली, आमची काच 8 ची. आणि शोकेसच्या फळ्या दोन्ही बाजूला इतक्या चिकटून आहेत की बोटही जात नाही, पाय कुठे जाणार. ट्यूबचा विचार केला तर टी5 (बारीक ट्यूब) मधली 21 वॅटची 85 सेंटीमीटर, टँकच्या बाहेर, आणि तिच्या खालची 14 वॅटची 55 सेंटीमीटर, ती मला तेव्हा फारच आखूड वाटली. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझंच हसू होणार आहे.)

मधे एक प्रकरण स्ट्रिपचं झालं. 12 व्होल्टची एलईडी पट्टी दर तीन एलईडीला कापता येते, म्हणजे 31 इंच काय, कुठल्याही मापाच्या जवळपास आणता येते, वेड्यावाकड्या मापाला याहून स्वस्त काही नाही. मी घाईत बिनकोटिंगची घेतली आणि तिच्याच मागच्या टेपने प्लायला चिकटवली. दोन महिन्यात तांब्याची टोकं हिरवी पडली, अर्धी पट्टी बंद, आणि एका सकाळी उरलेली अर्धी वाफेने सुटून पाण्यात लोंबत होती. 12 व्होल्ट म्हणून मासे वाचले. कुणाला पट्टीच लावायची असेल तर सिलिकॉन कोटिंगची घ्या, आयपी 65 (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) तरी, ती शिंतोडे सोसते, बुडवायची नसते, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनलमध्ये बसवा म्हणजे गरम होऊन लवकर मरत नाही. अडॅप्टर टँकच्या वर ठेवू नका.

शेवटी गेलो तपकीर गल्लीत, पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात. एका दुकानात काकांना सगळी रामकहाणी सांगितली, 31 इंचाची लाईट द्या म्हटलं. ते म्हणाले, "साहेब, झाडं कुठं आहेत तुमची, मधेच ना? मग उजेड मधे द्या की, काचेच्या कडेला कशाला?"

खरंच की! मी चार महिने टँकच्या लांबीची लाईट शोधत होतो आणि टँकला लांबीची गरजच नव्हती. दोन फुटी बॅटन (ट्यूबसारखी एलईडी लाईट) मधोमध ठेवली तर दोन्ही बाजूला साडेतीन साडेतीन इंच उरतात, पण तिचा उजेड पसरट पडतो आणि बाजूच्या काचा तो परत आत फेकतात, त्यामुळे कडेला काळोख होत नाही, थोडं मंद होतं इतकंच.

दोन बॅटन घेतल्या, 10 वॅटच्या, 6500 केल्विन म्हणजे पांढऱ्या उजेडाच्या, खोक्यावर प्रत्येकी 1000 लुमेन (उजेडाचं माप). पाणी 15 इंचापर्यंत भरतो म्हणजे साधारण 107 लिटर, लिटरमागे 19 लुमेन पडले. व्हॅलिसनेरिया, जावा फर्न, अनुबियास असल्या सोशिक झाडांना एवढं पुरतं, लाल पानांची हौस असेल तर नाही पुरणार. वॉर्म व्हाईट घेऊ नका, पाणी चहासारखं दिसतं.

बॅटन वॉटरप्रूफ नसते म्हणून प्लायचं झाकण काढून टाकलं, काचेचं झाकण करून घेतलं आणि वर अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलवर बॅटन ठेवल्या. इथे एक गंमत कळली. आधी दोन्ही मागे सरकवल्या होत्या तर एंजल मासे नुसते काळे दिसायचे, एक पुढच्या काचेजवळ आणली आणि खवले चमकायला लागले. लहानपणी मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात (1951 साली सुरू झालेलं) अंधाऱ्या दालनात मासे कसे उजळून दिसायचे ते आठवलं. आमच्याकडे बोअरचं पाणी, काचेवर पांढरा थर धरतो आणि उजेड खातो, पंधरा दिवसांनी लिंबू फिरवावं लागतं.

वायरला खाली झोळ दिलाय, म्हणजे पाणी ओघळलं तर झोळातून टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. 230 व्होल्टशी खेळ नको, आणि पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा म्हणजे काढायचाच. टायमर सात तासांचा. पहिल्या आठवड्यात टायमर नव्हता, लाईट रात्री अकरापर्यंत जळायची आणि काचेवर हिरवं शेवाळ आलं होतं, ते गेलं बऱ्यापैकी. 20 वॅट, सात तास, महिन्याला चार युनिटच्या आसपास.

हिशोब: बॅटन 440, काच 180, अँगल 150, टायमर 450, वायर आणि किरकोळ 60. एकूण 1280. त्यात वाया गेलेली पट्टी आणि बल्ब धरलेले नाहीत, बायकोने धरलेत. डाव्या कोपऱ्यात जिथे उजेड कमी पडतो तिथे प्लेको मासा दिवसभर पडून असतो, पूर्वी तो फिल्टरच्या मागे लपायचा.