मागच्या शॉकअपचा तुटलेला स्टड

जुन्या मोटारसायकलींत मागचा शॉकअप वरच्या बाजूला ज्या स्टडवर (आटे पाडलेल्या पोलादी खुंटीवर) अडकवलेला असतो, तो बहुधा एकाच टोकाला चासीत धरलेला असतो. दुसऱ्या टोकाला फक्त वायसर आणि नट. त्यामुळे चाकाला बसणारा प्रत्येक धक्का स्टडला मुळापाशी वाकवू पाहतो आणि तडा जातो तोही तिथेच.

तुटलेला तुकडा फेकून देऊ नये. त्याचे तोंड रॉकेलने पुसून उजेडात धरले, तर एका कडेचा भाग गुळगुळीत, काळपट किंवा गंजलेला दिसतो आणि त्यावर बऱ्याचदा शिंपल्यासारख्या वक्र रेषा असतात. उरलेला भाग खरखरीत आणि चकचकीत असतो. काळपट भाग हा जुना तडा, तर चकचकीत भाग शेवटच्या धक्क्याला तुटलेला. काळपट भाग मोठा असेल, तर दुसऱ्या बाजूचा स्टडही त्याच वाटेवर आहे असे समजून दोन्ही बदलावेत, असे माझे ठाम मत आहे.

उरलेल्या बुंध्यावर बाजारातला 8.8 ग्रेडचा (जास्त ताकदीचा) बोल्ट ठेवून वेल्डिंग मारण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती मला मुळीच मान्य नाही. या बोल्टची ताकद उष्णतेची प्रक्रिया करून आणलेली असते. वेल्डिंगच्या आचेने ती जाते आणि सांध्यालगतचे पोलाद झटपट थंड झाल्यास ठिसूळ बनते, तेही नेमके सर्वाधिक ताणाच्या जागी. शिवाय 10 मिमीच्या बोल्टला 1.5 मिमी पिचचे (दोन आट्यांतल्या अंतराचे) आटे असले, की आट्यांच्या तळाशी व्यास जेमतेम 8.2 मिमी उरतो, आणि वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असल्यामुळे तिथली ताकद जवळजवळ निम्मी होते.

म्हणून स्टड टर्नरकडून ईएन 8 (मध्यम कार्बनच्या) पोलादाचा करून घ्यावा. शॉकअपच्या बुशमधून (कड्यात बसवलेल्या नळीतून) जाणारा भाग साधा, आटे फक्त नटापुरते, आणि जाडी जिथे बदलते त्या कोपऱ्यात धारदार खाच न ठेवता गोलाई. चिमट्याखाली (मागचे चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याखाली) लाकडी ठोकळा देऊन शॉकअप उतरवावा. बुंधा आट्यांवर बसवलेला असेल तर त्यावर नट वेल्ड करून, तो गरम असतानाच पान्ह्याने सोडवावा. चासीला वेल्ड केलेला असेल तर तो घासून सपाट करावा, मधोमध पंच मारावा आणि आधी बारीक, मग मोठे भोक पाडावे. जागा असेल तिथे नवा स्टड आतून बाहेर घालावा, म्हणजे भार त्याच्या कॉलरवर येतो आणि वेल्डिंगला केवळ त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम उरते. कोणत्याही वेल्डिंगआधी टाकी उतरवावी आणि बॅटरीच्या तारा काढाव्यात. स्टड वेल्ड करताना जागा आधी गरम करून घ्यावी, कोरडे 7018 (कमी हायड्रोजनचे) वेल्डिंग रॉड वापरावेत आणि सांध्यावर पाणी न ओतता तो सावकाश निवू द्यावा. टाका (तात्पुरते छोटे वेल्डिंग) मारल्यावर, पक्के वेल्डिंग करण्याआधी, दोन्ही स्टडवर सरळ नळ्या चढवून मागून आणि वरून पाहावे. त्या एका रेषेत नसतील तर बुश लवकर झिजतील.

याच स्टडवर कॅरिअर किंवा साडीगार्ड बसवताना शॉकअपच्या आतल्या बाजूला वायसर भरू नयेत, कारण शॉकअप जितका बाहेर सरकतो तितका मुळावरचा ताण वाढतो.