रांगण्यावर मुक्काम करायचाय? निपाणीकडच्या नवख्यांसाठी थोडं

डिसेंबरात आम्ही निपाणीतली काही पोरं कोल्हापूर जिल्ह्यातल्या रांगणा किल्ल्यावर मुक्काम करून आलो, आणि तेव्हापासून जो तो विचारतोय की लई अवघड आहे का. वाट अवघड नाही. गारगोटी, कडगाव, पाटगाव करत भटवाडीकडं जायचं, पुढं चिक्केवाडीच्या बाजूनं जंगलातली कच्ची वाट, बराचसा भाग सपाटच आहे, मोठा चढ खालून कोकणातनं येणाऱ्यांना. नवख्या माणसाची खरी परीक्षा होते ती पाठीवरच्या बॅगेनं आणि रात्रीच्या गारठ्यानं.

म्हणून तयारी बॅगेपासनं करा. नुसतं रोज सकाळी चाललं म्हणजे झालं असं नाही, मुक्कामाला नेणार ते सगळं सामान पाण्यासकट भरून एका रविवारी स्तवनिधीचा डोंगर चढून या. पट्टा कुठं काचतोय, बूट कुठं चावतोय, सगळं तिथंच कळतंय. आमच्यातल्या एकानं नवेकोरे बूट थेट ट्रेकलाच घातले, अर्ध्या वाटेत टाचेला फोड आला आणि पुढं तो गडी लंगडतच आला. बॅग सात-आठ किलोच्या वर जाऊ देऊ नका, जड सामान पाठीला चिकटून मधोमध ठेवा, आणि कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनच आत टाका. पायाची नखं आदल्या दिवशी कापा, नाहीतर उतरताना अंगठा बुटाला आपटून काळानिळा होतो.

मुक्काम रांगणाई देवीच्या देवळात. समोर दीपमाळ आहे, जागा चांगली आहे, पण फरशी दगडी, त्यामुळं थंडी वरनं कमी आणि खालनंच जास्त लागते. घरातनं जाड रजई उचलून आणण्यापेक्षा खाली टाकायला फोमची मॅट आणा, अंगावर स्लीपिंग बॅग नाहीतर घोंगडं, कानटोपी तर पाहिजेच. चालताना घामानं भिजलेला बनियन पोचल्या पोचल्या बदला. सुती कपडा लवकर वाळत नाही, अंगावर तसाच ठेवला की रात्रभर कुडकुडत बसाल. आणि देऊळ आहे, मटण-दारूचा बेत असला तर सरळ घरीच करा बाबांनो.

खायला आम्ही कडक भाकरी, शेंगाचटणी आणि भडंग नेलेलं. कडक भाकरी दोन दिवस काय, आठवडाभर टिकते, वजन नाही, चूल नाही. मॅगीसाठी स्टोव्ह घेऊन आलेले एक जण रात्री वाऱ्यात काडी पेटवत बसलेले आणि शेवटी आमच्याच भाकरीवर आले😄 गडावर तलाव आहे पण ते पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्या, माणशी तीन लिटर खालनंच भरून न्या.

अंधार पडायच्या आत देवळात पोचायचंच. या जंगलात गवे आहेत, संध्याकाळी वाटेवर दिसला तर ओरडायचं नाही, दगड मारायचा नाही, फोटोसाठी पुढं तर अजिबात जायचं नाही, थांबायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. डोक्याला लावायची बॅटरी प्रत्येकाकडं वेगळी पाहिजे, कारण मोबाईलचा टॉर्च हातात धरला की एक हात गेला आणि सकाळपर्यंत चार्जिंगपण गेलं. रात्री देवळाबाहेर जायचं झालं तर दोघं मिळून जा.

रेंजच्या भरवशावर राहू नका, कधी परतणार ते घरी सांगून ठेवा आणि रोख पैसे न्या. पाटगावला मौनी महाराजांचा मठ आहे, तिथं थांबून पुढच्या वाटेची चौकशी करा, वाटाड्या मिळाला तर नक्की घ्या, जंगलात गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की पहिल्यांदा जाणारा चकतोच. वनखात्याची परवानगी लागते का तेपण निघायच्या आधी विचारा. पावसाळ्यात मुक्कामाचा नाद करू नका, पाटगाव भागात पाऊस धो धो पडतो आणि ओढे भरले की परतीची वाट बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघा, आणि एसटीनं जाणार असाल तर गारगोटी स्टँडवर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ जातानाच विचारून ठेवा.